महागड्या ब्रँडचं जॅकेट, उलटं करून पाहिलेलं

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची सक्ती नको. कापड उत्तम. बेतणी फारच सुरेख. शिलाई बहुतेक ठिकाणी चांगली, दोन ठिकाणी चक्क आळशी. अस्तर बरं. खिसे निरुपयोगी. विक्रीनंतरची सेवा शून्य. आणि किंमत अशी, की ती कापड आणि शिलाईच्या हिशेबात कुठूनही बसवता येत नाही. तरी मी हे जॅकेट घालते, आवडीनं घालते, आणि ते अंगात असलं की लोक माझ्याशी जरा वेगळे वागतात हेही मला दिसतं.

माझा धंदा आल्टरेशनचा. लोकांचे तयार कपडे उसवायचे, आत घ्यायचे, सोडायचे, अस्तर बदलायचं, चेन बदलायची, रफू करायचं. त्यामुळे कपडा हातात आला की मी तो आधी उलटा करते. सुलट्या बाजूला सगळेच कपडे गोड बोलतात. मोठ्या नावांचे कपडेही माझ्याकडे येतात आणि टेबलावर उसवून पडले की त्यांची मिजास उतरते. त्यातल्याच एका ब्रँडचं काम मला आवडलं होतं, म्हणून त्यांचं जॅकेट स्वतःच्या पैशानं, पूर्ण किमतीला, नवं घेतलं. नाव लिहीत नाही. खाली काही तक्रारी आहेत आणि त्या या एकाच कंपनीच्या नाहीत. नाव लिहिलं तर वाचणारा म्हणेल, 'मग दुसऱ्या ब्रँडचं घेऊ', आणि तिथे हेच खिसे भेटतील.

जॅकेट लोकरीचं आहे. राखाडी रंग, त्यात लांबून दिसणारही नाही अशी बारीक चौकट. चौकटीचं कापड मी मुद्दाम घेतलं, कारण चौकट शिंप्याला लपू देत नाही. खिशाच्या फ्लॅपवरची रेघ अंगावरच्या रेघेला मिळालीय का, पाठीच्या मधल्या शिवणीवर चौकट अखंड दिसते का, बाही पुढच्या बाजूनं छातीच्या रेघेशी जुळते का, हे बघायला उजेड आणि दोन मिनिटं पुरतात. जुळवायचं तर कापड जास्त लागतं, कापायला वेळ लागतो, म्हणून स्वस्त मालात ते कोणी करत नाही. इथे तिन्ही ठिकाणी जुळलंय. खांद्यावरसुद्धा बरंचसं, आणि तिथे ते अवघड असतं, कारण मागचा खांदा पुढच्यापेक्षा थोडा लांब कापून शिवताना दाबून बसवायचा असतो. ज्यानं हे बेतलं त्याला माझा नमस्कार.

आता आतलं. चांगल्या जॅकेटमध्ये छातीवर, वरचं कापड आणि अस्तर यांच्या मधोमध, घोड्याचे केस घालून विणलेलं कॅनव्हास असतं. ते टाके घालून बसवतात, कॉलरच्या वळणावर तर शेकडो बारीक टाके पडतात आणि त्यामुळे कॉलर चापून न बसता आपसूक लोळते. स्वस्त जॅकेटमध्ये त्याऐवजी फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटवलेला थर. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. पुढे वारंवार ड्रायक्लीनिंग झालं की गोंद सुटू शकतो आणि छातीवर फुगे येतात. त्या फुग्यांना इलाज नाही. लोक माझ्याकडे घेऊन येतात आणि मी परत पाठवते. हे घरी तपासता येतं. शेवटच्या काजाच्या खाली पुढचा भाग दोन्ही हातांच्या चिमटीत धरा, वरचं कापड आणि आतली पट्टी हलकेच वेगळी ओढा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना लागला तर कॅनव्हास. काहीच सरकलं नाही आणि सगळं पुठ्ठ्यासारखं एकजीव लागलं तर निदान तिथे तरी फ्यूजिंग; मग तीच चिमटी छातीवरही लावून बघा.

माझ्या जॅकेटमध्ये छातीपर्यंत कॅनव्हास आणि खाली फ्यूजिंग निघालं. याला 'हाफ कॅनव्हास' म्हणतात आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, चांगली पद्धत आहे. फक्त या किमतीत मला पूर्ण कॅनव्हासची अपेक्षा होती. दुकानात विचारलं तेव्हा विक्रेत्यानं 'मॅडम, हे सगळं हँड फिनिश्ड आहे' असं उत्तर दिलं. मी विचारलं होतं भलतंच, पण माणूस इतका अदबशीर होता की मी पुढे रेटलं नाही.

कापडावर 'सुपर 150' अशी पट्टी आहे आणि तिचं त्या विक्रेत्याला फार कौतुक. हा आकडा लोकरीच्या तंतूच्या जाडीचा असतो. सुपर 100 म्हणजे तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, सुपर 120 म्हणजे 17.75, सुपर 150 म्हणजे 16.25. आकडा चढतो तसा तंतू बारीक होतो, कापड मऊ आणि अंगावरून सुंदर पडणारं होतं. आणि नाजूकही होतं. रोज घालायच्या जॅकेटला सुपर 100 किंवा 110 जास्त शहाणपणाचं. दीडशेचं कापड कोपरावर लवकर चमकायला लागतं, खुर्चीच्या पाठीला घासून झिजतं. किंमत वाढते तसा टिकाऊपणा वाढतो असं गिऱ्हाईक धरून चालतं. एका मर्यादेच्या पुढे उलटंच होतं, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही.

दोन आळशी जागा म्हणाले, त्या या. पहिली, बटणं. बटण शिंगाचं आहे, म्हणजे माल खरा. पण मशीननं चपटं टाचून दिलंय. जाड कापडाच्या बटणाला खाली दोऱ्याची मान द्यावी लागते, नाहीतर बटण लावल्यावर कापड काजाभोवती आवळतं. ती मान द्यायला दर बटणाला दोऱ्याचे चार वेढे जास्त लागतात. नाही दिली. घरी आणल्यावर पहिलं काम मी तेच केलं.

दुसरी जागा मुंढ्याची, म्हणजे जिथे बाही अंगाला जोडतात तिथली. माणूस हात हलवतो, त्यामुळे मुंढ्यापाशी अस्तराला थोडी सैल लागते. म्हणून जुने कारागीर तिथे अस्तर हातानं शिवत, टाका थोडा ढिला ठेवून. इथे मशीनची सरळ ताणलेली टीप होती. काखेत अस्तर उसवलं ते त्यामुळेच. मी काही पोती उचलत नाही, शिवणयंत्रावर बसते.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, अगदी गोड शब्दांत: हा मागच्या हंगामाचा माल असल्यामुळे या अस्तराचं कापड आता उपलब्ध नाही, मात्र नव्या संग्रहावर ते मला सवलत देऊ इच्छितात. काखेतली चार बोटांची उसवण आणि उपाय काय, तर दुसरं जॅकेट. मी घरीच शिवून टाकलं. ज्याला शिवता येत नाही त्यानं काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

खिशांबद्दल काय बोलावं. बायकांच्या जॅकेटला खिसा दाखवायचा असतो, द्यायचा नसतो, हा नियम सगळ्या किमतींना लागू आहे. वर झोकदार फ्लॅप आणि आत दोन बोटं जातील एवढी पिशवी. याच ब्रँडचं पुरुषांचं जॅकेट माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं, त्याला आत-बाहेर मिळून इतके खिसे की माणूस बॅग घरी ठेवून निघेल.

पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आत दडलेली असते: दाब. शिवणीच्या आत किती कापड राखून ठेवलंय ते. अंगापेरानं माणूस बदलतो. चांगला शिंपी पाठीच्या आणि बाजूच्या शिवणीत सव्वा-दीड इंच दाब सोडतो, म्हणजे पुढे कपडा सोडता येतो. या जॅकेटला जेमतेम अर्धा इंच आहे. कापड वाचवायला नव्हे, एवढ्या कापडानं त्यांचं काही बिघडत नाही. मला तो दाब वेगळंच सांगतो: हा कपडा पुढे कोणी सोडून घेईल, दहा वर्षं वापरेल, दुसऱ्याला देईल, हे बनवणाऱ्याच्या हिशेबातच नाही. आल्टरेशनवाल्या बाईच्या दृष्टीनं ही मोठी नापासाची खूण.

एवढं सगळं असूनही जॅकेट अंगावर बसतं मात्र अफलातून. बेतणीला मी वर फारच सुरेख म्हटलंय त्यावर ठाम आहे. मुंढा उंच कापलेला आहे, त्यामुळे हात वर केला तरी जॅकेट वर चढत नाही. मुंढा खोल कापला की तयार कपडा जास्त मापांच्या लोकांना 'होतो', म्हणून स्वस्त माल खोल मुंढ्याचा. उंच मुंढा थोड्यांनाच बसतो, पण ज्याला बसतो त्याला तो कपडा स्वतःसाठीच शिवल्यासारखा वाटतो. या एका गोष्टीसाठी मी जास्त पैसे द्यायला तयार आहे. किती जास्त? दुप्पट, तिप्पट. पण मी दिले त्याहून कितीतरी अधिक, आणि त्या वरच्या पैशांत मी काय घेतलं, हा खरा प्रश्न.

हिशेब बाहेर फारसा कोणी दाखवत नाही, पण कधीतरी कोर्टाच्या कागदांतून डोकावतो. 2024 मध्ये मिलानच्या न्यायालयानं डिओर या फ्रेंच फॅशन घराण्याच्या बॅगा बनवून घेणाऱ्या इटालियन कंपनीवर काही काळासाठी प्रशासक नेमला, कारण कामाचे उपठेके घेणाऱ्या कारखान्यांत कामगारांना राबवून घेतलं जात असल्याचं तपासात आलं होतं. त्याच कागदपत्रांत एका बॅगेचा आकडा आला: जोडणीचं काम करणाऱ्या पुरवठादाराला 53 युरो, दुकानात किंमत 2,600 युरो. 53 मध्ये चामडं धरलेलं नाही, डिझाइन, दुकानाचं भाडं, जाहिरात, काहीच नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ते सगळं जोडूनही मधली दरी कारागिरीनं भरत नाही. जिथे कारागिरी खरोखर आहे तिथे ती आहेच, त्याबद्दल वाद नाही. शनेलच्या जॅकेटच्या खालच्या काठाला आतून बारीक साखळी टाकलेली असते, कपडा सरळ पडावा म्हणून. एर्मेसच्या रेशमी रुमालाची कड हातानं वळून शिवतात. अशी कड मी एकदा करून बघितली आणि ज्या बाया दिवसभर तेच करतात त्यांना मनातल्या मनात हात जोडले. पण बहुतेक लोक त्या नावांखाली जे विकत घेतात ते जॅकेट नसतं. अत्तर असतं, गॉगल असतो, पट्टा असतो, छातीवर नाव छापलेला टी-शर्ट असतो.

त्या टी-शर्टबद्दल एवढंच सांगते: घेऊ नका. साधं सुती जर्सीचं कापड, ओव्हरलॉकची शिवण, आणि दोन धुण्यांनंतर बाजूची शिवण फिरून पोटावर येते, अगदी रस्त्यावरच्या टी-शर्टसारखी. फरक फक्त छपाईचा.

आता गिऱ्हाइकांकडे येते, कारण लोक हे का घेतात ते मला दुकानांपेक्षा माझ्या टेबलावर जास्त कळलंय. अस्तर बदलायला आलेल्या मोठ्या ब्रँडच्या कोटाबरोबर एक सूचना हमखास येते: 'लेबल जपून काढा आणि होतं तिथेच लावा.' अस्तराचा रंग कोणता, कापड कोणतं, यावर 'तुम्हाला बरं वाटेल ते'. लेबलाच्या बाबतीत मात्र जागाही तीच हवी, कोनही तोच. एकदा एक गृहस्थ फाटक्या जॅकेटचं लेबल घेऊन आले, दुसऱ्या, साध्या जॅकेटला लावून द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. ते चिडले नाहीत, नुसतं हसून म्हणाले, 'हे जॅकेट त्याच्यापेक्षा चांगलं आहे हो, पण कोणाला कळणार?' काम नाकारलं, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

आणि ती बाहीवरची पट्टी! लोकरीच्या कोटाच्या बाहीवर, मनगटापाशी, बाहेरून एक छोटी पट्टी टाचलेली असते. ती दुकानात लटकलेला कोट ओळखू यावा म्हणून असते. घरी आणल्यावर ती काढायची, तसंच पाठीच्या फटीवरचा फुलीचा टाकाही कापायचा. बरेच जण दोन्ही तसंच ठेवतात. फुलीचा टाका माहीत नसल्यामुळे राहतो. पट्टी मात्र माहीत असूनही ठेवतात. मी विचारते, 'काढू का?' उत्तर येतं, 'राहू द्या, चांगली दिसते.'

दुसऱ्या टोकाचे गिऱ्हाईकही येतात. कापडाला हात लावताच कळतं की हे भलत्याच पातळीचं आहे, आणि मालकीणबाई म्हणतात, 'मानेपाशी टोचतंय, लेबल काढून टाका.' टाकून द्या, परतही नको. यावर 2010 मध्ये यंग जी हान, जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए ड्रेझ यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यांनी लुई व्हितॉं आणि गुच्चीच्या मालात नाव-चिन्ह किती ठळक आहे आणि किंमत किती आहे हे ताडून पाहिलं. चिन्ह जितकं मोठं तितकी किंमत सरासरीनं कमी. म्हणजे एकाच दुकानात ओरडणारा माल खालच्या किमतीत आणि गप्प माल वरच्या. गप्प माल घेणाऱ्याला फक्त स्वतःसारख्यांनी ओळखलं तरी पुरतं. बोटेगा व्हेनेटा ही इटालियन कंपनी तर बॅगेवर नाव लावायचंच टाळत आली. चामड्याच्या पट्ट्यांची विणच तिची सही. ज्याला वीण ओळखता येते त्याला नाव लागत नाही. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती बॅग नाहीच.

लोक वेगळे वागतात म्हणाले त्याचंही मोजमाप झालंय. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाच्या रॉब नेलिसन आणि मारिन मायर्स यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक बाई खरेदीला आलेल्या लोकांना प्रश्नावली भरून द्यायची विनंती करत होती. अंगातल्या स्वेटरवर नावाजलेल्या ब्रँडचं चिन्ह होतं तेव्हा 52 टक्के लोक थांबले. तोच स्वेटर बिनचिन्हाचा होता तेव्हा 14 टक्के. बाई तीच, हसू तेच, प्रश्न तेच. एका प्रयोगावर जग तोलू नये, पण मला त्यात नवल वाटलं नाही. मी साध्या कपड्यांत एखाद्या कार्यालयात गेले की आधी 'काय काम आहे?' असा प्रश्न येतो. जॅकेट असलं की आधी खुर्ची येते, प्रश्न नंतर. जॅकेटवर बाहेरून कुठेही नाव नाही, तरीही. म्हणजे बेतणी ओळखता न येणाऱ्यालाही ती कुठेतरी पोचते, किंवा त्यात मी जरा ताठ चालते. दोन्ही असेल.

म्हणूनच महागडं घेणाऱ्यांना सरसकट मूर्ख ठरवणारे मला पटत नाहीत. ज्याच्या आडनावाकडे, रंगाकडे, बोलण्याच्या ढबीकडे बघून दार आपोआप उघडतं, त्याला 'कपड्यांत काय ठेवलंय' म्हणणं परवडतं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॅपर डॅन नावाच्या शिंप्यानं 1982 मध्ये दुकान काढलं. मोठ्या फॅशन घराण्यांची चिन्हं तो चामड्यावर छापायचा आणि त्यातून जॅकेटं शिवायचा, अशी जॅकेटं त्या घराण्यांनी कधी शिवलीही नव्हती. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे त्या घराण्यांच्या दुकानात ज्यांचं स्वागत झालं नसतं ते कृष्णवर्णीय लोक: रॅपर, मुष्टियोद्धे, गल्लीतले दादा. ब्रँडांच्या वकिलांनी 1992 मध्ये ते दुकान बंद पाडलं. पुढे 2017 मध्ये गुच्चीनं एक जॅकेट सादर केलं. फुगीर बाह्यांचं ते जॅकेट डॅपर डॅननं 1989 मध्ये धावपटू डायेन डिक्सनसाठी शिवलेल्या जॅकेटसारखं होतं. गदारोळ झाला, आणि शेवटी गुच्चीनं त्याच्याशीच भागीदारी करून हार्लेममध्ये त्याला कार्यशाळा थाटून दिली. शिंपी म्हणून मला या गोष्टीत एकच दिसतं: कपडा आधीपासून त्याचाच चांगला होता, पण नाव विकत घेणाऱ्यांना त्या नावाखालीच तो हवा होता.

हे नावाचं प्रकरण फार जुनं नाही. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसानं 1858 मध्ये पॅरिसला दुकान थाटलं आणि कपड्याच्या आत शिंप्याच्या नावाची पट्टी शिवायची प्रथा त्यानं रुळवली असं मानतात. तोवर शिंपी गिऱ्हाइकाच्या घरी जायचा, बाई सांगेल तसा शिवायचा. वर्थकडे बायका यायच्या आणि तो सांगेल ते घालायच्या. पट्टी तेव्हा आत होती, कमरेला, फक्त घालणारीला आणि तिच्या दासीला दिसणारी. 1933 मध्ये टेनिसपटू रेने लाकोस्तच्या शर्टावर मगर थेट छातीवर आली आणि तिथून नाव बाहेर पडलं ते पडलंच. फॅशन डिझायनर मार्टिन मार्जिएलानं 1988 मध्ये सुरू केलेल्या घराण्यात उलट केलं: लेबलावर काहीच लिहायचं नाही, कोरी पांढरी पट्टी, चार पांढऱ्या टाक्यांनी टाचलेली. ते चार टाके पाठीवर बाहेरून दिसतात. आता लोक त्या चार टाक्यांसाठी पैसे मोजतात, आणि एखादा टाका तुटला की माझ्याकडे येऊन 'अगदी तसाच' घालून मागतात. नाव पुसायला गेला माणूस आणि टाक्यांचंच नाव झालं.

माझं म्हणणं असं आहे की पूर्वी घरोघरी कोणीतरी शिवणारं असायचं, निदान शिंप्यापुढे उभं राहून माप द्यायची, कापड चुरगाळून बघायची सवय असायची. कापड कुठलं, धागा उभा आहे की तिरपा, दाब किती, यावर घरात बोलणं व्हायचं. तयार कपड्यांनी ते ज्ञान संपवलं. आज माझ्याकडे येणाऱ्या सुशिक्षित माणसाला लोकर आणि पॉलिस्टर हातानं वेगळं सांगता येत नाही, आणि त्याला दोष नाही. त्याच्यासमोर कधी कोणी कपडा उलटा केलेलाच नाही. अशा माणसाला नाव हा विमा वाटतो. आपली निवड चुकणार नाही, कोणी हसणार नाही, आणि वाईट निघालाच तर 'अमुक ब्रँडचा आहे' हे तरी सांगता येईल. जितकं कपड्यातलं कमी कळतं तितका हप्ता जास्त भरावा लागतो.

आणि हा विमा विकणारे त्याची किंमत जिवापाड जपतात. बर्बरी या ब्रिटिश कंपनीनं 2018 मध्ये जाहीर केलेल्या अहवालात 2.86 कोटी पौंडांचा न विकला गेलेला माल एका वर्षात नष्ट केल्याचं आलं, आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी ती प्रथा थांबवली. स्वस्तात विकलं तर नाव स्वस्त होतं, म्हणून जाळायचं. कोणीतरी काज केले असतील, कोणीतरी कड वळली असेल. हे वाचलं त्या दिवशी मी फार चिडले होते, अजूनही तो विषय निघाला की माझा आवाज चढतो. फ्रान्सनं न विकलेले कपडे असे नष्ट करण्यावर 2022 पासून कायद्यानं बंदी घातली, ते बरं केलं.

मग घ्यावं का? हे जॅकेट, या बेतणीसाठी, वापरलेलं मिळालं तर डोळे मिटून. अशा मालाच्या पुनर्विक्रीत किंमत चांगलीच उतरते, कपडा तेवढा उतरत नाही. फक्त घेण्यापूर्वी काखेतलं अस्तर, कोपरांची चमक आणि छातीवरचे फुगे बघा. नवं घ्यायचं तर पैसे शिल्लक ठेवून आणि स्वतःला स्वच्छ सांगून घ्या की यातला मोठा हिस्सा खुर्ची आधी यावी म्हणून आहे. पहिल्या पगारात कोणी घेत असेल तर मी नाक मुरडणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घातलेल्या माणसाला एकदा तरी कागदात गुंडाळलेलं, रिबिनीचं खोकं स्वतःच्या हातानं उघडावंसं वाटतं, आणि दुकानातल्या त्या माणसानं जॅकेट मागून धरून बाही हातात सरकवून दिली तेव्हा मलाही बरं वाटलं होतं.

आउटलेटबद्दल मात्र सावध करते. लोकांना वाटतं मुख्य दुकानातला उरलेला माल तिथे स्वस्तात येतो. काही येतो. पण बराच माल आउटलेटसाठीच वेगळा शिववलेला असतो: तेच नाव, हलकं कापड, कमी टाके, पॉलिस्टरचं अस्तर. लेबलावरून हा फरक कळेलच असं नाही. मुख्य दुकानातलं एक जॅकेट आधी नीट बघून ठेवा, बाही उलटी करून अस्तर चाचपा, शेवटच्या काजाखाली चिमटी लावा, मग आउटलेटमध्ये जाऊन तीच चिमटी तिथे लावा. विक्रेता विचारेल काय बघताय. सांगा, दाब बघतेय.